बसू नये

काकूंना कोणाला दोषी म्हणवतच नसे. एरवी हा माणसाचा गुण झाला. पण कायद्याच्या परीक्षेत याच्यासारखा दुसरा अवगुण नाही. अपकृत्य आणि गुन्हे, प्रगत अभ्यासक्रम, असा त्यांचा शेवटचा पेपर राहिला होता. त्यात प्रश्न कसे येतात? अमक्याने गच्चीच्या कठड्यावर कुंडी ठेवली, तमक्याच्या मांजराने ती ढकलली, खालून जाणाऱ्या तिसऱ्याच्या डोक्यात ती पडली. सांगा, जबाबदार कोण? आता यात अवघड काय आहे? कोणाच्या तरी माथी खापर फोडायचं, कलम लावायचं आणि मोकळं व्हायचं. काकू लिहून यायच्या की कुंडीवाल्याला झाडांची आवड असेल, मांजर बिचारं मुकं जनावर, आणि ज्याला लागलं त्यानेही जरा मन मोठं करावं. पहिल्या वेळी चार मार्कांनी गेल्या. दुसऱ्या वेळी सहा. तेव्हा त्यांनी उत्तरपत्रिकेची प्रत मागवली, तर समासात तपासनिसाने लाल शाईत लिहिलं होतं, "सांत्वन पुरे. दोष कोणाचा?"

तिसरी खेप शेवटची. नियमच तसा होता. या वेळी पेपर गेला की आधी पास झालेले सगळे पेपर बाद आणि पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. तोही वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी! बावीस वर्षं काकू एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. दुसऱ्यांचे दावे टाइप करकरून बोटं झिजली. एकदा तरी कागदाच्या खाली आपली सही असावी, एवढीच हौस. त्या हौसेपायी संध्याकाळच्या कॉलेजात पोरासोरांच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या.

त्या पोरांतली दोन दर रविवारी दुपारी अभ्यासाला घरी येत. एक पोपट. याला सगळी कलमं तोंडपाठ, पण कुठलं कलम कुठे लावायचं हे विचारलं की आढ्याकडे बघायचा. दुसरी शंका. तिला "बाहेर ऊन आहे" म्हटलं तरी "कशावरून?" म्हणायची. अभ्यासाची पद्धतही तिचीच. प्रत्येक प्रश्न आधी करून बघायचा, मग लिहायचा. म्हणजे पोपटाने चोर व्हायचं, शंकाने घरमालक, आणि काकूंनी न्यायाधीश. एकदा घरफोडीच्या प्रश्नात पोपट स्वयंपाकघराच्या खिडकीत असा अडकला की त्याला आत ओढावं की बाहेर ढकलावं, यावरच अर्धा तास खल झाला. घरफोडी पूर्ण झाली की नुसता प्रयत्न, हे त्यावर अवलंबून होतं ना!

पेपरला नऊ दिवस उरले असतानाची गोष्ट. त्या रविवारी प्रश्न होता, बसणाऱ्याच्या खालून कोणी थट्टेने खुर्ची ओढली तर गुन्हा कोणता?

"खुर्ची लागेल," शंका म्हणाली.

काकू ओसरीवर गेल्या. ओसरी म्हणजे काकांचा कारखाना. काका सुतार, रंधा, करवती, भुसा सगळं तिथेच. काका गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेले होते. चष्मा डोक्यावर आणि डोक्यात प्रश्न, अशा अवस्थेत काकूंनी समोर दिसली ती उंच पाठीची खुर्ची उचलली. तिच्यावर एक कागदाचा चिटोरा होता, तो खुणेला बरा म्हणून काखेतल्या पुस्तकात सरकवला.

खेळ झकास झाला. खाली गादी अंथरली, पोपट बसायला गेला, शंकाने खुर्ची ओढली, पोपट धप्पकन गादीवर. लगेच वाद सुरू. गादी आधीच अंथरली होती, म्हणजे पोपटाची पडायला संमती होती का? खुर्ची तशीच दाराशी टाकून तिघं आतल्या खोलीत पुस्तकं उघडून बसली.

आता काकूंच्या सासूबाई. रविवारचा अभ्यास म्हणजे त्यांची करमणूक. सिरियलमध्ये नुसती रडारड असते, इथे निदान खून तरी होतात, असं त्यांचं म्हणणं. सुनेला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून दोन वर्षं स्वयंपाकघर त्यांनीच सांभाळलं होतं, आणि त्याची वसुली त्या दाराआडून ऐकून करत. त्या दिवशीही मटाराची परात घेऊन आल्या, दाराजवळची खुर्ची ओढली आणि बसल्या.

कडाड!

तिघं धावत आली. मागचा पाय निखळलेली खुर्ची आडवी, सासूबाई उताण्या, आणि घरभर मटार.

"कोणी काही हलवू नका! घटनास्थळ आहे!" पोपट ओरडला.

"आजी, बसताना तुमच्या मनात काय होतं?" शंकाने विचारलं.

"मनात तुझा बाप होता! उचला आधी मला!"

उजव्या मनगटाला प्लॅस्टर बसलं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे या हाताने काही करायचं नाही. झालं! स्वयंपाकघर काकूंकडे आलं, सासूबाईंची उठबस आली, आणि पेपर नऊ दिवसांवर. कढईत उलथनं फिरवत काकू हयगयीच्या व्याख्या पुटपुटायच्या आणि भाजी लागायची.

पण घरात खटला चालला तो काकांवर. तो चालणारच, सुतार तेच ना! "जन्मभर लोकांच्या खुर्च्या केल्यास," सासूबाई पलंगावरून गरजल्या, "आणि आईला मोडकी खुर्ची?"

"अगं आई, सकाळीच पायाला सरस लावून वाळत ठेवली होती मी. वर कागद ठेवला होता, बसू नये म्हणून. चांगला मोठ्या अक्षरात!"

"कुठाय कागद?"

कागद कुठे असणार? काकांनी फळ्या हलवल्या, भुसा चाळला, घरातला केरसुद्धा उपसून पाहिला. पहिल्या दिवशी ते तावातावाने सांगत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ठेवला होता बहुतेक." पाचव्या दिवशी जेवताना हात थांबवून काकूंना म्हणाले, "अगं, हल्ली माझ्या लक्षात राहत नाही वाटतं."

"होतं असं," काकू म्हणाल्या. "कोणाचीच चूक नसते हो. आमटी वाढू?"

मनाने इतक्या चांगल्या बाईने नवऱ्याला याहून वाईट काही ऐकवलं नसेल. काका मान खाली घालून जेवले. त्या दिवसापासून एकेक सांधा तीन-तीनदा हलवून बघू लागले.

पुढच्या रविवारी पोपट आणि शंका आली. पेपर परवावर आला होता. विषय होता धोक्याची सूचना. काकूंनी खुणेच्या जागी पुस्तक उघडलं आणि खुणेचा चिटोरा मांडीवर पडला. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. सुतारी पेन्सिलीच्या जाड, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, "सरस ओला आहे. बसू नये."

काकूंनी ते दोनदा वाचलं.

पोपटाने वाकून वाचलं. मग दाराकडे बघून हळूच म्हणाला, "काकू, स्वतःविरुद्ध बोलायला कायदा कोणालाही भाग पाडत नाही. कलम सांगू?"

"आणि हा चिटोरा त्याच खुर्चीवरचा कशावरून?" शंका कुजबुजली. "कोणी पाहिलंय? पेपर होऊ दे. मग बघू."

दोघंही काही वाईट बोलत नव्हती. काकूंच्या डोक्यातही तेच चाललं होतं. अभ्यासाची घाई होती, चष्मा वर होता, चिटोरा काय, वाऱ्यानेही उडाला असता... आणि एकाएकी त्यांच्या लक्षात आलं, की हे सगळं आपण याआधी लिहिलेलं आहे. कुंडीवाल्याला झाडांची आवड असेल. दोन वेळा लिहिलं, आणि दोन्ही वेळा नापास झालो.

ओसरीवरून काकांचा आवाज आला. कोणी गिऱ्हाईक पाळणा करून मागत होतं. "नको," काका म्हणत होते, "खुर्ची-टेबल असतं तर ठीक. पाळण्यात मूल निजायचं. माझा भरवसा नाही हो आता. तुम्ही दुसरा सुतार बघा."

काकू उठल्या. पोपटाने "काकू, कलम!" म्हणेपर्यंत त्या ओसरीवर पोचल्यासुद्धा.

"पाळणा हेच करतील," त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं. मग चिटोरा काकांपुढे धरला. पलंगावरून सासूबाई उठून आल्या होत्या, मागे पोपट आणि शंका. काकू एकेक शब्द सुटा करून बोलू लागल्या. "खुर्ची धोक्याची होती. यांनी तशी सूचना ठेवली होती. ती सूचना मी काढली, न वाचता काढली, आणि खुर्ची माणसांच्या वाटेवर नेऊन टाकली. म्हणून आई पडल्या. याला 'होतं असं' म्हणत नाहीत. दोष माझा आहे. यांचा काडीचाही नाही."

काकांनी चिटोरा हातात घेतला, उलटासुलटा केला. "माझंच अक्षर," ते म्हणाले आणि मटकन फळीवर बसले. "म्हणजे ठेवला होता मी! ठेवला होता गं!" आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"चुकले हो मी," काकू म्हणाल्या. त्यांनाही रडू आवरेना. गिऱ्हाईक बापडं भिंतीवरची करवत बघत उभं राहिलं.

एवढ्यात सासूबाई खाकरल्या.

"तो कागद," त्या म्हणाल्या, "मी सकाळीच वाचला होता."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"मग बसलात कशाला?" शंकाने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिची शंका सगळ्यांची होती.

"म्हटलं, दुपारपर्यंत सरस वाळला असेल. खुर्ची तीच, ओळखली की मी! कागद दिसला नाही म्हणजे झाली असेल तयार. शिवाय आत तुमचं संमतीचं असं रंगलं होतं की दुसरी खुर्ची आणेपर्यंत निकाल लागला असता."

"आणि मग आठवडाभर बोलला का नाहीत, आई?" काकूंनी विचारलं.

सासूबाईंनी प्लॅस्टर कुरवाळलं. "आधी रागाच्या भरात याला बोलले. बोललेलं परत कसं गिळायचं? आणि..." त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. "पलंगावर आयता चहा येत होता. बरा लागत होता."

काकांनी डोळे पुसले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"ते राहू दे," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "तू न्यायाधीश ना? मग पुरता निकाल दे. ज्याला लागलं त्याचीही चूक असली तर वाटणी होते म्हणता ना तुम्ही? माझा वाटा किती?"

गेल्या आठवड्यापर्यंतच्या काकू असत्या तर "जाऊ द्या हो आई" म्हणून आत चहा टाकायला गेल्या असत्या.

"चाळीस टक्के," काकू म्हणाल्या.

"चाळीस! अगं, हात कोणाचा मोडलाय? वीस कर."

"वाचून बसलात आई. चाळीस."

"तीस. सासू आहे मी तुझी."

"ते मुद्द्यात बसत नाही. चाळीस."

सासूबाई सुनेकडे टक लावून बघत राहिल्या. काकूंची नजर हलली नाही.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "परवा अस्सं लिहून ये. आणि त्या लाल शाईवाल्याने या खेपेला खुसपट काढलं, तर मी जाईन त्याच्याकडे."

गिऱ्हाइकाने पाळण्याचं माप सांगितलं. काकांनी कानावरची पेन्सिल काढून ते लिहून घेतलं आणि एकदाच वाचलं.

संध्याकाळी भाजीसाठी दहा बटाटे उकडले होते. सहा काकूंनी सोलले, पुस्तक समोर उघडं ठेवून. चार सासूबाईंनी डाव्या हाताने सोलले, कुरकुरत, पण मोजून चार. काका शेजारी पाय पसरून बसले होते. त्यांनी एकही सोलला नाही. ते निर्दोष होते.