नागभीडचा कूलर आणि सात कळ्या

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. दुकानातला नव्हे, हातचा. नागभीडला पत्र्याचं काम करणारे गुलाम रसूल यांनी बावीस वर्षांपूर्वी मला स्वतः ठोकून उभं केलं. माझा आवाज जरा मोठा आहे, हे मी कबूल करतो. मी सुरू झालो की टीव्हीचा आवाज वाढवावा लागे आणि शेजाऱ्यांनाही बातम्या फुकटात कळत. दर मार्चला माझ्या बाजूच्या ताट्यांत नवा सुगंधी वाळा भरला जाई. त्यांच्या पत्नी, माझ्या मालकीण रहमतबी म्हणत, "याच्यासमोर एसी बी काई नाई." हे वाक्य मी जपून ठेवलं होतं.

मग त्यांच्या लेकीनं, रूहीनं, नागपूरहून ऑर्किड आणलं. फुलं फुलपाखरासारखी, पण मुळ्या कुंडीबाहेर हवेत लोंबत होत्या. रहमतबींना ते काही बरं दिसेना. पाहुणे यायचे म्हटलं की त्या मुळ्या घाईघाईनं आत कोंबत आणि दोन मोडून ठेवत. शेवटी रूही फोनवर म्हणाली, "अम्मी, कोंबू नको. त्याले हवाच लागते. आन् पाणी आठवड्यातून एकदा."

"एकदाच? इतके हाल तर मी तुझ्या अब्बाचे बी नाई केले."

खरं सांगतो, मला त्या ऑर्किडचा भारी राग यायचा. मी दिवसाला चार बादल्या पाणी पितो म्हणून सारे कुरकुरत. त्याला वाटीभर पाणी देण्याआधी मात्र रहमतबी कुंडीत मातीऐवजी भरलेली झाडाची साल सुकली का, ते बोट घालून पाहत.

यंदा त्याला दांडी फुटली आणि सात कळ्या लागल्या. बकरीदला रूही येईल तेव्हा सातही उमलतील, असं रहमतबींनी मोहल्लाभर सांगून टाकलं. नेमका तेव्हाच मुलगा जाहिद एसी घेऊन आला. माझी रवानगी अंगणात, कडुलिंबाखाली झाली. माझ्या टाकीत कोंबडीनं अंडी घातली. भंगारवाल्या लटारूला शुक्रवारी बोलावलं गेलं. गुलाम रसूल माझ्याकडे न पाहताच ये-जा करत, आणि तेच मला फार लागलं.

तिकडे घरात कळ्या पिवळ्या पडून गळू लागल्या. सहा राहिल्या, मग पाच.

"गरमीनं गळून राह्यल्या," जाहिद म्हणाला आणि त्यानं एसी अठरावर नेला. सारं घर गोधडीत बसलं. कळ्या चार राहिल्या.

रहमतबींनी रडवेल्या आवाजात रूहीला फोन लावला. "एसीनं हवा सुकते, अम्मी. त्याले ओलसर हवा पाहिजे. आपला कूलर कुठी हाय?"

रहमतबींनी अंगणाकडे पाहिलं. "जाहिद, कोंबडी उठव."

गुलाम रसूल यांनी माझी टाकी घासली, पंप साफ केला, नवा वाळा भरला. ऑर्किड झोतात न ठेवता खिडकीजवळ, बाजूला ठेवलं. सोमवारी मी सुरू झालो आणि शेजारी म्हणाले, "आला वाटते परत."

शुक्रवारी लटारू दोरी घेऊन दारात उभा राहिला. रहमतबींनी आधी कळ्या मोजल्या. चार. सोमवारपासून एकही गळली नव्हती.

"कूलर नाई देत, लटारूभाऊ."

"मंग मले काऊन बोलावलं?" म्हणत तो माझ्यासमोर टेकला आणि तासभर उठला नाही.

बकरीदला चार फुलं उमलली. मोहल्ल्याला सात सांगितली होती, म्हणून रहमतबी प्रत्येकाला गळालेल्या तिघींची हकिकतही ऐकवत होत्या. दुपारी जाहिद वडिलांना म्हणाला, "अब्बा, एसीत झोपा ना."

"मी फुलावर लक्ष ठेवून राह्यलो," गुलाम रसूल डोळे मिटूनच म्हणाले. त्यांचा हात माझ्या पत्र्यावर होता. ते ऑर्किड आता मला बहिणीसारखं वाटतं.

तेव्हा मित्रांनो, ऑर्किडच्या मुळ्या कोंबू नका. आणि अंगणातला जुना कूलर भंगारात देण्याआधी ज्यानं तो घडवला त्याला एकदा विचारा. तो स्वतःहून काही बोलायचा नाही.