कढी फायनल

"अहो, हिला मागून कुणी धरून ठेवलंय का?" ब्रिजच्या चढावर मी विचारलं.

पुढे विटांनी भरलेला एक ट्रॅक्टर धापा टाकत चालला होता. एरवी अशा वेळी आमचे हे आरशात पाहायचे, उजवा दिवा लावायचे आणि ट्रॅक्टर मागे पडलेला असायचा. बॉनेटखालून एक बारीकशी शीळ यायची, माझी पाठ सीटला टेकायची आणि मी सवयीनं "हळू!" म्हणायची. आज ह्यांनी आरसा पाहिला, दिवा लावला, पाय दाबला आणि गाडी विचारात पडली. शेवटी दिवा बंद करून हे ट्रॅक्टरच्या मागेच राहिले. विटांची लाल धूळ काचेवर बसत राहिली.

"चालेल," हे म्हणाले.

आम्ही डॉक्टरांकडून परत येत होतो. ह्यांच्या हृदयात स्टेंट बसवल्यानंतर गाडी चालवायची परवानगी आज पहिल्यांदाच मिळाली होती. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, "दत्तात्रेयभाई, गाडी चलावो, मजा करो. फक्त ट्राफिकमां कोईनी साथे झगडता नहीं." ह्या परवानगीसाठी हे सकाळपासून इस्त्रीचा बुशशर्ट घालून बसले होते. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते अगदी.

कारेलीबागेत आमच्या सोसायटीत आलो. गाडी जागेवर लावली आणि ह्यांनी लगेच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. तेव्हा मात्र मी पट्टा सोडता सोडता थांबले.

ह्याचं कारण सांगायला हवं. ही गाडी लहानशी, लाल, टर्बोवाली. कुठूनही आलो की हे इंजिन चालू ठेवून थोडा वेळ आत तसेच बसून राहायचे. "टर्बो दमलाय. श्वास घेऊ दे त्याला," म्हणायचे. वॉचमनला वाटायचं, साहेब गाणी ऐकतात. मला वाटायचं, घरी यायचा कंटाळा. पण इतक्या वर्षांत एकदाही हा नेम चुकला नव्हता. आज ह्यांनी टर्बोला विचारलंसुद्धा नाही, कारण तो दमलाच नव्हता. आणि हे ह्यांना माझ्या आधी कळलेलं होतं.

आमचे हे, दत्तात्रेय, विमा कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांचं सगळं आयुष्य 'चालेल' ह्या एका शब्दावर उभं आहे. इंजिनियरिंगला जायचं होतं, वडिलांनी कचेरीत चिकटवलं. चालेल. बढती दुसऱ्याला गेली. चालेल. भाजीत मीठ नाही. चालेल. बडोद्याची हवाच तशी. बाहेर सगळे 'चालशे' म्हणतात, घरात हे 'चालेल' म्हणतात. मला पाहायला आले होते तेव्हासुद्धा घरी जाऊन "चालेल" एवढंच म्हणाले होते. हे मला नणंदेनं नंतर सांगितलं आणि मी ते अजून विसरलेली नाही.

फक्त ह्या गाडीच्या वेळी माणूस बदलला. निवृत्ती जवळ आली होती. आमचा मुलगा सौमित्र पुण्याला नोकरी करतो, त्याचं म्हणणं होतं की मोठी, उंच, ऑटोमॅटिक गाडी घ्या. शोरूममध्ये अशा गाडीत ह्यांना बसवलं. हे खाली उतरले आणि म्हणाले, "नाही चालणार." मी आणि सौमित्र एकमेकांकडे बघतच राहिलो. कोपऱ्यात ही लाल गाडी उभी होती. हे तिच्याकडे गेले आणि परत आलेच नाहीत.

ह्यांचे पणजोबा राजवाड्याच्या पागेत कारकून होते. घोड्यांच्या चंदीचा हिशोब जन्मभर ठेवला, घोड्यावर एकदाही बसले नाहीत. मी चिडवायची, "पणजोबांची राहिलेली हौस पणतूनं फेडली." हे खुश व्हायचे. चिडवलं की खुश होणाऱ्या माणसाचं काय करावं?

बरं, घेतली ती घेतली, वर ट्यूनिंगचं खूळ. गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीत समरजित नावाचा एक इंजिनियर आहे, आपल्यातलाच, दांडिया बाजारातल्या जुन्या घरातला. तो शेडमध्ये लॅपटॉप लावून गाड्यांची ताकद वाढवून देतो. एक दिवस हे घरी येऊन हर्षभरित होऊन म्हणाले, "निरुपमा, आज मॅप बदलून आणला!"

"बरं झालं," मी म्हटलं. "आता तरी माझ्या बहिणीच्या गल्लीत वळायचं कळेल."

मॅप म्हणजे रस्त्याचा नकाशा नाही, इंजिनाला किती पेट्रोल आणि किती हवा द्यायची त्याचं ते गणित असतं, हे ह्यांनी मला चहा गार होईपर्यंत समजावलं. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. त्यात मला एवढंच कळलं की ही गाडी आता जास्त पळणार.

पळाली. सुनंदा, माझी बहीण, शहरातल्या वाडी भागात राहते. तिची कढी म्हणजे कढी. तिच्याकडून डबा मांडीवर घेऊन निघालो आणि सिग्नल सुटल्यावर गाडीनं असा काही धक्का दिला की अर्धी कढी माझ्या नारायणपेठीवर. घरी पोचेपर्यंत मी ह्यांच्या पणजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. हे दुसऱ्या दिवशी गोरव्याला गेले आणि समरजितला म्हणाले, "मला शर्यत लावायची नाही. मला फक्त अडायचं नाही. आणि कढी सांडता कामा नये."

मग काय, दर रविवारी सुनंदाकडे जायचं, डबा काठोकाठ भरायचा, झाकण सैल ठेवायचं, मी मांडीवर घ्यायचा आणि ह्यांनी गाडी काढायची. "हलली?" हे विचारायचे. "हलली." की सोमवारी पुन्हा गोरवा. सुनंदा म्हणाली, "ताई, भाऊजी बरे आहेत ना?" अख्ख्या आयुष्यात ह्या माणसानं भाजीत मीठ मागितलं नाही, पण ह्या एका गोष्टीत तसूभर इकडे-तिकडे चालवून घेतलं नाही. आणि एका रविवारी ब्रिजच्या चढावर आम्ही दोन रिक्षा आणि एक टेम्पो मागे टाकला, शीळ आली, पाठ टेकली, आणि मांडीवरची कढी निवांत होती. मला हसूच आलं. हे माझ्याकडे बघून असे हसले की मला 'चालेल' म्हणणारा तो तरुण मुलगा आठवला. पाहायला आला तेव्हा असा हसला असता तर मीच आधी हो म्हटलं असतं.

तर अशी ती गाडी, आणि आज तिला विटांचा ट्रॅक्टर जड झाला होता.

मी वर येऊन स्वयंपाकघराचं दार लावलं आणि सौमित्रला फोन केला. ह्यांच्या आजारपणात तो इथेच होता, परवाच पुण्याला गेला होता.

"सौमित्र, गाडीला काय केलंस?"

"आई, काही नाही. समरजितकडे नेऊन फक्त ओरिजिनल सेटिंग करून घेतलं. बाबांच्या वयाला ती ताकद कशाला? त्यांना कळणारसुद्धा नाही."

"कळलंय त्यांना."

"काही म्हणाले?"

"चालेल म्हणाले."

"मग झालं तर!" तो सुटल्यासारखा बोलला.

मी फोन ठेवला. पोराचाही काय दोष? त्याला लहानपणापासून ह्या शब्दाचा एकच अर्थ माहीत.

संध्याकाळी हे गॅलरीत गाडीकडे पाठ करून बसले होते. मी शेजारी बसले. "तुम्ही त्याला बोलत का नाही?"

"पोरगा घाबरला होता गं," हे म्हणाले. "मला आत नेत होते ना, तेव्हा त्याचा चेहरा पाहिला मी. त्याला बाकी काय करता येणार होतं? एवढं त्याच्या हातात होतं, ते त्यानं केलं."

"मग?"

"मग चालेल."

मला रडू आलं आणि रागही आला. डॉक्टरांनी ह्यांचं हृदय मोकळं करून दिलं होतं, आणि आम्ही घरच्यांनी ह्यांची एकुलती एक हौस बंद करून ठेवली होती. हा माणूस शहरात कधी चाळिसाच्या वर गेलेला नाही. पोलीस त्याला सलाम करतील अशी त्याची गाडी चालवायची पद्धत. त्याला फक्त अडायचं नव्हतं. मी ठरवलं की हे एक मात्र चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी "सुनंदाकडे कढी आणायला जाते" सांगून मी किल्ली घेतली.

"गाडी नेतेस?" ह्यांनी विचारलं. पूर्वी असं विचारताना ह्यांचा जीव खालीवर व्हायचा. आज नुसतंच विचारलं.

मी सरळ गोरव्याला गेले. समरजितच्या शेडमध्ये शिरले तर तो एका गाडीखालून बाहेर आला आणि मला बघून त्याचा चेहरा उतरला.

"काकू, मला तर पहिल्यापासून नव्हतं गमलं," मी काही विचारायच्या आत तो म्हणाला. "पण सौमित्रभाई एवढे टेन्शनमध्ये होते. काकांना सांगायची पण ना पाडली त्यांनी, सांगूच नका म्हणाले."

"पूर्वीसारखी करता येईल?"

"करता येईल? अरे काकू!" त्यानं लॅपटॉप उघडला आणि पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर एकाखाली एक नावं होती: दत्ताकाका कढी एक. कढी दोन. कढी फायनल. कढी खरंच फायनल. शेवटी नुसतंच: काकू हसल्या.

"ही ती," तो म्हणाला. "असा मॅप पुन्हा नाही बनत. डिलीट करीन होय मी?"

मी चष्मा पुसला.

"पण सौमित्रभाईंना काय सांगू?" त्यानं विचारलं.

"तू नको सांगूस. त्याची आई आहे ना मी." मी तिथूनच फोन लावला. सौमित्र बराच वेळ ऐकून घेत होता. मी त्याला सांगितलं की डॉक्टरांनी भांडायला मनाई केली आहे, आनंदाला नाही. आणि बाबांनी तुझ्यासाठी चालवून घेतलं, आता तू त्यांच्यासाठी चालवून घे. मग तो म्हणाला, "आई, टेस्ट कोण करणार?"

"मी."

"मग मावशीकडे जा. डबा काठोकाठ भर." त्याचा आवाज जरा ओला लागला, पण तो हसत होता.

वाडीतल्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून कढी आणली. डबा डाव्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा लावला आणि ब्रिज चढले. शीळ आली, पाठ टेकली. मी एकटीच मोठ्यांदा "हळू!" म्हणाले आणि हसत सुटले. कढी जागच्या जागी होती.

ह्यांना मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार. "हालोल रस्त्याला फाफडा खायला जाऊ," मी म्हटलं. "तुम्हाला तळलेलं नाही, तुम्ही माझ्याकडे बघा."

"चालेल," हे म्हणाले, आणि किल्ली घेतली.

सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंतच ह्यांची मान किंचित वाकडी झाली. कान देऊन ऐकायचं असलं की ती तशी होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले. पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला. हायवेला एक लांबलचक ट्रेलर आडवा आला. ह्यांनी आरसा पाहिला, दिवा लावला.

"हळू!" मी म्हणाले. इतक्या आनंदानं मी ते आजवर कधी म्हटलं नव्हतं.

ट्रेलर मागे गेला. जरोदच्या अलीकडे एका गावाकडे फुटणारा रिकामा रस्ता आहे, तिथे हे वळले आणि गाडी कडेला घेतली. इंजिन मात्र बंद केलं नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"दमलाय," ते म्हणाले. "श्वास घेऊ दे त्याला."

दोघांचाही श्वास घेऊन झाला. मग हे दार उघडून उतरले. "काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"काही नाही गं. तू चालव. पुढे जा, वळ, आणि माझ्या समोरून ने," हे म्हणाले. "इतकी वर्षं आतूनच ऐकली. जाताना कशी वाजते, मला माहीतच नाही."

मी उजवीकडे सरकले. पुढे जाऊन गाडी वळवली. तुरीच्या शेताच्या कडेला इस्त्रीचा बुशशर्ट घातलेला माझा नवरा, हात मागे बांधून, मान वाकडी करून उभा होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला, पाय दाबला, आणि शीळ घालत ह्यांच्या समोरून गेले. आरशात पाहिलं तर ह्यांनी डोळे मिटलेले होते.

मागे वळून मी ह्यांच्याजवळ थांबले आणि काच खाली केली.

"चालेल?"

ह्यांनी डोळे पुसले, दोन पावलं मागे सरून पुन्हा जागेवर उभे राहिले.

"नाही चालणार," हे म्हणाले. "पुन्हा एकदा ये. आणि तिसरा जरा उशिरा टाक."

मी गाडी वळवली.