गोळी उतरंल एवढं पाणी

“गोळ्या वेळेवर घेता ना?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“घेते ना! दिवसाच्या पाचच्या पाच. एक पण नाय चुकवली,” चांगुणा फणकाऱ्यानं म्हणाली. चुकवेल कशी? उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात अकरा वर्षं धागे कापतेय, विनाकारण एक खाडा नाही बाईचा.

चार दिवसांपूर्वी कमरेवर नागीण उठली, तेव्हा जाऊ गेरूची वाटी घेऊन धावली होती. “तोंडाला शेपूट मिळालं की माणूस खलास!” चांगुणा हादरली खरी, पण गेरू न लावता थेट दवाखाना गाठला. फोड आले त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या, म्हणून बाई तिच्यावर खूश होत्या. आज मात्र लघवी कमी आणि गडद होते म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

“पाणी किती पिता?”

“गोळी उतरंल एवढं.”

“अहो, भरपूर प्या म्हटलं होतं मी! हे औषध किडनीतून बाहेर पडतं. पाणी नसलं तर तिथंच साचतं. नागीण बरी होईल आणि किडनी बिघडेल, चालेल तुम्हाला?”

चांगुणाला रडूच आलं. कारखान्यात बायकांना संडास नव्हता. सकाळी घरून निघताना जायचं, ते एकदम संध्याकाळी. नवी पोरगी आली की पहिल्याच दिवशी तिला पाणी न पिता कसं राहायचं ते शिकवायचं, आणि शिकवणारी कोण, तर चांगुणाच. कोपऱ्यातला माठ एकदा भरला की दोन दिवस पुरायचा.

लाजत लाजत तिनं हे सांगितलं. बाईंनी लगेच रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट बघून म्हणाल्या, “थोडक्यात वाचलात. आता गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, कमी-जास्त करायच्या नाहीत. आणि पाणी प्यायचं म्हणजे प्यायचंच. लघवी वाढली नाही तर उद्या परत या.”

दुसऱ्या दिवशी ती शेठसमोर उभी राहिली.

“शेठ, वरच्या संडासची चावी पायजे.”

“अरे, वो तो ऑफिस का है.”

“डॉक्टरनी पाणी प्यायला सांगितलंय. नाय पिलं तर किडनी जाईल माझी. ग्यारा साल में कुछ मांगा क्या मैंने?”

शेठ जुडग्यातून चावी काढून म्हणाला, “ले. दवा खतम, चाबी वापस.”

तीन दिवसांनी शेवटची गोळी तिनं भरल्या ग्लासाबरोबर घेतली. फोडांवर खपल्या धरल्या होत्या, लघवीही पहिल्यासारखी साफ होत होती. शेठनं हात पुढे केला. चांगुणानं चावी माठावरच्या खिळ्याला अडकवली.

“इथंच ऱ्हाऊ द्या, शेठ. सगळ्यांनाच किडनी हाय.”

शेठ काहीतरी पुटपुटला आणि जिना चढून गेला. चावी खिळ्यालाच राहिली.

बायका एकमेकींकडे बघत बसल्या. मागच्या महिन्यात चांगुणानंच शिकवलेली सोनू पहिली उठली. माठात पेला बुडवून ती उभ्यानंच गटागटा पाणी प्यायली.

त्या दिवशी माठ दुपारीच रिकामा झाला. चांगुणानं तो उचलला आणि भरायला नळावर नेला.