हनीबेरीचे पहिले फळ

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या अलॉटमेंटवर, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या जमिनीवर, सगळे बटाटे नि कांदे लावत असताना रघुवीररावांनी आपल्या अर्ध्या प्लॉटवर हनीबेरीची आठ झुडपे लावली, त्याला तीन वर्षे झाली होती. पुण्यात बाल्कनीतल्या तुळशीपलीकडे काहीही न जगवलेल्या या निवृत्त सॉफ्टवेअरवाल्याने सैबेरियातले फळ इथे पिकवायचे ठरवले, तेव्हा त्यांच्या पत्नी अरुणाताईंनी एवढेच विचारले होते, "वांगी का नाही?"

"वांगी कोणीही लावतं."

"म्हणूनच ती खायला मिळतात."

आता मात्र थट्टेला धार आली होती. प्लॉटसाठी रांगेत बरेच जण उभे होते आणि कमिटीने पत्र पाठवले होते: मेअखेरच्या रविवारी सकाळी दहाला पाहणी होईल; खाण्याजोगे फळ दिसले नाही, तर झुडपे उपटून अर्धा प्लॉट परत करावा. निवृत्तीनंतर रोज सकाळी बूट घालायला रघुवीररावांकडे तेवढेच एक कारण उरले होते.

आणि त्याच मे महिन्यात फळे निळी झाली! लांबट, वर पांढुरकी साय धरलेली. शनिवारी ते डबा भरून फळे तोडत असताना त्यांचा हात नकळत तोंडाकडे गेला.

"अहो! पहिलं फळ देवाला. नैवेद्याआधी एकही तोंडात टाकायचं नाही."

एरवी पूजेच्या वेळी वर्तमानपत्रामागे दडणाऱ्या रघुवीररावांना हा नियम मोडवेना. तीन वर्षे थांबलेल्या माणसाला एक रात्र जड नव्हती.

"खालच्या फांद्या राहिल्या की," अरुणाताई म्हणाल्या.

"असू दे. पक्ष्यांना."

"जाळीच्या आत कुठले पक्षी? गुडघे वाकत नाहीत म्हणा सरळ."

रविवारी पूजा आटोपेपर्यंत पावणेदहा वाजले. वाटी देवापुढे ठेवून, पाणी फिरवून दोघे धावतच निघाले. अलॉटमेंटच्या शेडमध्ये कमिटीची सेक्रेटरी मॉरीन आणि चाळीस वर्षे कांदे पिकवणारा डेरेक वाट पाहत होते. पाहुण्यांच्या आधी आपण खाणे बरे दिसत नाही, म्हणून रघुवीररावांनी डबा पुढे केला.

मॉरीनने एकदम तीन फळे तोंडात टाकली. मग तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बराच वेळ पाहिले. डेरेकने डोळे मिटले, ते लवकर उघडले नाहीत.

"रघुवीर," मॉरीन शेवटी म्हणाली, "तुम्ही ही चाखली होती का?"

"नाही. पहिलं फळ देवाला दाखवायचं असतं."

डेरेकने एक फळ चिमटीत फोडले. आत हिरवेगार. "वरून निळं झालं म्हणून हे पिकलेलं नसतं. अजून तीन आठवडे हवे होते. एक चाखलं असतंत तर कळलं असतं."

रघुवीररावांनी डब्याचे झाकण लावले. मॉरीनने पेन काढले. "सगळी तोडलीत?"

"हो," ते पुटपुटले.

"सगळी नाही," अरुणाताई म्हणाल्या. "यांचे गुडघे वाकत नाहीत."

मॉरीन उठली, प्लॉटवर गेली, चिखलात गुडघे टेकून तिने जाळी उचलली. खालच्या फांद्या लगडलेल्या होत्या.

"जूनचा तिसरा रविवार," ती म्हणाली. "तोवर हात लावायचा नाही. आणि देवाची परवानगी घेऊन एक चाखा."

तीन आठवडे रघुवीरराव रोज जाळीबाहेर स्टूल टाकून राखण करत बसले. ठरलेल्या रविवारी अरुणाताईंनी वाकून फळे तोडली; त्यातले एक फोडले तेव्हा बोटांवर जांभळा रस उतरला. मॉरीनने खाल्ले आणि वहीत काहीतरी लिहिले. डेरेकने न विचारता दुसरी मूठ घेतली.

"प्लॉट तुमचाच," मॉरीन म्हणाली.

रघुवीररावांनी मात्र आपल्या वाट्याचे फळ हळूच रुमालात बांधायला घेतले.

"आता हे कुठे?" अरुणाताईंनी विचारले.

"देवाला. पिकलेलं हे पहिलंच."

"त्याला मागेच दाखवलंय. आंबटढाण होतं, तरी त्यानं चकार शब्द काढला नाही. खा आता."

रघुवीररावांनी फळ तोंडात टाकले. मग कण्हत कण्हत दोन्ही गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी सर्वांत खालच्या फांदीकडे हात नेला.