पायसीकारक

तळवलीत ज्यांच्या इमारतीत मी भाड्याने राहतो, त्या मालतीबाईंची सून रंजिता एका दुपारी माझ्याकडे आली. तिच्या हातात क्रीमची डबी होती. मी चाळीस वर्षे एका प्रकाशन संस्थेत मुद्रितशोधक होतो आणि माझ्या घरात पुस्तकांची तीन कपाटे आहेत, एवढ्यावरून तिने मला विद्वान ठरवले होते. मी तिचा गैरसमज वेळीच दूर करायला हवा होता.

रंजिता रसायनशास्त्राची पदवीधर. लग्नाला नऊ वर्षे झाली, मूल नाही. गावात कुणीही भेटले की पहिला प्रश्न तोच. म्हणून तिने महापेला एक लहानसा गाळा घेतला आणि भेगाळलेल्या हातांसाठी क्रीम बनवू लागली. लोकांनी आपल्याला दुसरे काहीतरी विचारावे, एवढीच तिची इच्छा होती. हे तिने मला सरळ सांगितले नाही. पण क्रीमबद्दल मी एक प्रश्न विचारला, तेव्हा ती अर्धा तास बोलत राहिली.

मालतीबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचे म्हणणे होते की मंडळात डब्या ठेवू, पण आत काय आहे ते मराठीत वाचता आले पाहिजे. ते मी लिहून द्यायचे होते.

पाणी, खोबरेल, ग्लिसरीन इथपर्यंत मी ठीक होतो. अडलो ‘इमल्सिफायर’पाशी. रंजिताने समजावले, तेल आणि पाणी एका भांड्यात नांदत नाहीत. दोन्ही वेगवेगळे तापवायचे, एकत्र करताना हे मेणासारखे दाणे घालायचे आणि घोटत राहायचे. मग दोन्हींचे दुधासारखे पांढरे, एकजीव मिश्रण होते आणि ते पुन्हा फुटत नाही.

“नुसतं मेण लिहा ना, काका,” ती म्हणाली.

पण नुसते मेण म्हणजे लोक मधमाशांचे समजतील, नाहीतर मेणबत्तीचे. मी आठवडाभर शब्द शोधला. स्वतः एखादा घडवावा असेही वाटले, पण मी कोण घडवणार? शेवटी परिभाषा कोशात मिळाला तो अधिकृत शब्द लिहून दिला: पायसीकारक. पाचशे लेबले छापली गेली. मी ती तीन वेळा तपासली. एकही चूक नव्हती.

मंडळात मालतीबाईंनी चष्मा लावून लेबल मोठ्याने वाचले. पायसीकारक या शब्दाशी थांबल्या. पायस म्हणजे खीर, हे त्यांना ठाऊक होते. यज्ञातून निघालेले पायस राण्यांना वाटले आणि त्यांना मुले झाली, हे तर त्यांनी कीर्तनात कितीदा ऐकले होते. त्यांनी दुसऱ्यांदा वाचले, या वेळी हळू.

तीन आठवड्यांत डब्या संपल्या. भेगाळल्या हातांच्या बायकांनी एकही घेतली नाही. घेतल्या त्या सासवांनी, सुनांसाठी. चारुलता नावाच्या एका सुनेला तर रोज आंघोळीनंतर पोटाला लावायला सांगितले होते. आणि पहिली डबी मालतीबाईंनी हळदकुंकू लावून दिली होती ती रंजितालाच.

हे मला नंतर समजले. मी आयुष्यात कधी सभेत बोललो नव्हतो, तरी मंडळात गेलो. कागदावर लिहून नेले होते. शास्त्रात पायस म्हणजे फक्त तेल आणि पाण्याचे दुधासारखे झालेले मिश्रण, असे वाचून दाखवले. बायकांनी शांतपणे ऐकले.

“म्हंजे खीरच हाय ना,” मालतीबाई म्हणाल्या. “तुमी उगाच लाजता, मास्तर. चांगलं काम केलंत.”

मी मास्तर नव्हतो, तेही सांगायचे राहिले.

संध्याकाळी रंजिता वर आली. मी तिची माफी मागितली आणि नवी लेबले छापून घेऊ म्हणालो. त्यावर साधा शब्द घालू, वाटल्यास मेणच.

“नको, राहू दे,” ती म्हणाली. “आईंनी नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारायचं बंद केलंय. आता त्या वाट बघतायत. डबी संपेपर्यंत बघणार म्हणाल्या. परवा मला बेलापूरच्या डॉक्टरकडं नेणार होत्या, तेही रद्द केलं.”

“आणि डबी संपल्यावर?”

“म्हणूनच आले. अर्ध्या किलोची डबी काढतेय. तिच्यावर एक ओळ पायजे. म्हणजे ती लवकर संपणार नाही अशी.”

खोटे काही लिहिणार नाही, असे मी तिला बजावले. ती म्हणाली, खोटे नकोच. मी बराच वेळ विचार केला. आपण हे करतो आहोत ते बरोबर का, हे मला तेव्हाही कळत नव्हते आणि आजही कळत नाही. मग कागदावर लिहिले: ‘बोटाच्या टोकाएवढेच लावावे.’

रंजिताने ते वाचले, मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला.

“काका,” ती म्हणाली, “याहून कमी नाही का लिहिता येणार?”