उन्हाआधीचे कोंब

नवऱ्याच्या, कुनशानच्या, पोटातले आवाज ऐकायची युएच्यावला इतकी सवय झाली होती, की ते थांबले की तिचा हातही थांबायचा. तांदूळ धुता धुता ती मान तिरकी करायची. पलीकडच्या खोलीतून बारीकसा बुडबुडा, मग ओल्या कापडातून हवा सुटावी तसा आवाज. आला, की ती पुन्हा तांदूळ धुवायला लागायची.

हिवाळ्यात आतड्याला रक्त नेणारी नस बंद पडली आणि डॉक्टरांनी पोट उघडलं, तेव्हा मोठं आतडं सगळं आणि लहान आतड्याचा बराचसा भाग काळा पडला होता. तो कापून टाकला. उरलेल्या आतड्याचं टोक बेंबीच्या उजवीकडे भोक पाडून बाहेर काढलं आणि त्यावर पिशवी चिकटवली. तेव्हापासून कुनशान जे खाई ते थोड्याच वेळात त्या पिशवीत उतरे. "पिशवी भरतेय म्हणजे माणूस ठीक आहे," दवाखान्यातल्या नर्सबाईंनी घरी सोडताना सांगितलं होतं. "कोरडी राहिली, आवाज बंद झाला, तर आजचं उद्यावर ढकलू नका. उठायचं आणि इथे यायचं."

ऑपरेशन चालू असताना कुनशानची थोरली बहीण सूमी बाहेरच्या बाकावर बसली नव्हती. ती खिडकीशी गेली, देऊळ ज्या बाजूला होतं तिकडे तोंड केलं आणि क्वानयिन देवीला नवस बोलली: भाऊ जिवंत बाहेर आला, तर जन्मभर शाकाहारी राहील. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. भाऊ जिवंत बाहेर आला.

शुद्धीवर आल्यावर त्याला हे कळलं, तेव्हा त्याच्या घशात अजून नळीची खरखर होती.

"बाहुल्यांचा खेळ कबूल करायचास ताई," तो म्हणाला. "दोन दिवस देवळासमोर नाचवल्या असत्या बाहुल्या. माझ्या जिभेवरच का उठलीस?"

"जीभच शिल्लक होती तुझी," सूमी म्हणाली. "आतडी तर बादलीत गेली. देवीला द्यायला दुसरं काय होतं तुझ्याकडे?"

तो हसला, आणि टाके ओढले गेले म्हणून कळवळला. त्याने नवस मोडायचं मनातही आणलं नाही. सूमीवर विश्वास होता म्हणून, की जिवाची भीती होती म्हणून, हे युएच्यावला कधी नीट कळलं नाही.

अडचण वेगळीच होती. नवस सांगत होता, फक्त झाडापाल्याचं खा. डॉक्टर सांगत होते, झाडापाल्यातलं जे जे चिवट, दोरेदार, सालीचं आहे ते खाऊ नका: अळंबी नको, मका नको, समुद्री शेवाळ नको, दाणे नकोत, बांबूचे कोंब तर नकोच नको. ते पचत नाहीत. आतडं पोटाच्या भिंतीतून बाहेर येतं तिथे वाट अरुंद असते, तिथे जाऊन बसतात. शाकाहार चालेल, पण जपून. मासे आणि अंडी घेतली तर ताकद लवकर भरेल, हेही त्यांनी सांगितलं होतं.

या दोन चाळण्यांतून खाली पडायचं ते एवढंच: भाताची पेज, मऊ टोफू, उकडलेला लाल भोपळा, बिया काढलेलं दोडकं. वर मीठ-साखरेचं पाणी. पहिले काही आठवडे कुनशान मुकाट्याने खात होता. मग टोफूकडे पाहिलं की मान फिरवायला लागला. त्याचे गाल आत गेले. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. युएच्यावने ते काढून ठेवलं, तर म्हणाला, "ठेव, ठेव. तेवढंच वजन भरतं माझं."

आणि मग कोंबांचा हंगाम सुरू झाला.

त्या डोंगरावर घराघरामागे बांबूचं बन आहे. कुनशान पोरवयापासून कोंब खणत आला होता. हिरव्या बांबूचा कोंब मातीच्या आत असतो तोवर पांढरा, गोड, पाणीदार. टोक वर आलं आणि त्याला ऊन दिसलं की ते हिरवं पडतं, कडू होतं, आत दोरे धरतात. म्हणून गावातली माणसं पहाटे जातात, मातीला गेलेला केसाएवढा तडा हुडकतात आणि कोंबाला उजेड दिसायच्या आत तो काढतात. असा कोंब उकडून गार केला की नासपतीसारखा लागतो. बाजारातले कोंब गावातलं कुणी तोंडात धरत नाही. शहरातले लोक खातात ते लाकूड, असं इथे लहान पोरही सांगेल.

कुनशान खिडकीतून बनाकडे बघत बसायचा. युएच्याव त्याच्याकडे बघायची.

एक दिवस तिने सूमीपुढे विषय काढला.

"ताई, हा नवस उतरवता येईल का?"

"नवस म्हणजे दुकानातली चप्पल आहे का? चावते म्हणून परत करायला?"

"परत नाही करत. माझ्या नावावर घेते. त्यांच्याऐवजी मी जन्मभर शाकाहारी राहीन. त्यांना मासे खाऊ देत, अंडी खाऊ देत. अंगात काही उरलं नाहीये हो त्यांच्या."

सूमीने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तू? सुक्या मासळीचा वास आल्याशिवाय तुला घास उतरत नाही."

"म्हणून तर देवी घेईल. मला न आवडणारी गोष्ट सोडून काय उपयोग?"

सूमीने देवळाच्या दिशेला तोंड केलं. मग म्हणाली, "आपण दोघींनी ठरवून होत नाही. कौल लावू. तिने लागोपाठ तीनदा हो म्हटलं पाहिजे. एकदाही नाही आलं, तर पुन्हा हा विषय माझ्यापुढे काढायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निघाल्या तेव्हा कुनशान झोपलेला होता. निदान पांघरुणाखाली काहीतरी होतं.

देवळात गर्दी नव्हती. युएच्यावने उदबत्त्या लावल्या, नवऱ्याचं नाव, जन्मदिवस, घराचा पत्ता देवीला सांगितला, कारण देवीकडे एकाच नावाची पुष्कळ माणसं येतात. मग लाकडाच्या दोन चंद्रकोरी ओंजळीत धरल्या. एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर वर आली तर होकार. दोन्ही सपाट म्हणजे देवी हसते आहे, प्रश्न नीट विचार. दोन्ही फुगीर म्हणजे नाही.

तिने टाकल्या. होकार. पुन्हा टाकल्या. होकार. तिसऱ्यांदा टाकल्या तेव्हा एक कोर फुगीर बाजू वर करून तिथेच पडली; दुसरी घरंगळत पार खांबापर्यंत गेली, जरा डुलली आणि सपाट बाजू वर करून थांबली. होकार.

युएच्यावच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने सूमीकडे पाहिलं. सूमी आनंदली नव्हती. ती खांबाजवळच्या कोरीकडे बघत होती.

"इतक्या लवकर मला कौल कधीच मिळाला नाही," ती हळू म्हणाली. "सून ठरवायच्या वेळी सकाळपासून दुपारपर्यंत टाकत होते. आज तर असं वाटलं की ती आपली वाट बघत बसली होती. ओझं उतरवून टाकायला."

"असं अशुभ काय बोलताय?"

"मी कुठे काय बोलले?" सूमी म्हणाली आणि कोर उचलून, पदराने पुसावी तशी बाहीने पुसून, जागेवर ठेवली.

घरी आल्या तर दारात कुनशानचे रबरी बूट होते. घोट्यापर्यंत ओली माती. कितीतरी दिवसांनी ते कोपऱ्यातून निघाले होते. युएच्यावला आधी बरंच वाटलं. आपल्या पायांनी बनापर्यंत गेला! मग उकडलेल्या कोंबांचा वास आला.

तो टेबलाशी बसला होता. केस भिजलेले, गालांवर रंग. बशीत पांढरेशुभ्र तुकडे मांडलेले, बाजूला सालींचा ढीग.

"या, या! बघ ताई, तुझा नवसही शाबूत. पानाफुलाचंच खाल्लंय."

"किती खाल्लेत?" युएच्यावने विचारलं.

"दोन."

"तुकडे?"

"कोंब."

"अहो, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? वेड लागलंय का तुम्हाला?"

"डॉक्टर ताइपे शहरातला आहे," कुनशान शांतपणे म्हणाला. "त्याने जन्मात जे कोंब पाहिलेत त्यांच्याबद्दल बोलला तो. त्या कोंबांनी मुतारीची नळीसुद्धा तुंबेल. हा बघ. याला अजून दिवस माहीत नव्हता. चावून बघ, दोरा सापडला तर उरलेले फेकून दे."

सूमीने एक तुकडा उचलला, पुढच्या दातांनी तोडला. "खरंच की. पाणीच आहे."

युएच्यावनेही घेतला. तिने तो सावकाश चावला, जिभेने दाबून पाहिला, दातांमध्ये दोरा शोधला. सापडला नाही. ती याच डोंगरावर जन्मली होती. कोंबातलं चांगलं-वाईट तिला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि तिची जीभ सांगत होती की हे मऊ आहे. आतड्याला तोंडासारखे दात नसतात, हे त्या वेळी तिच्या मनात आलं नाही. कितीतरी दिवसांनी नवरा पुढे वाकून जेवत होता, हे मात्र तिला दिसत होतं. पातेल्यात अजून एक कोंब होता. तिने तो सोलला, पातळ चकत्या केल्या आणि त्याच्यासमोर सरकवल्या.

"नीट चावून खा."

"चावतोय गं माझे आई."

मग तिने त्याला देवीचा कौल सांगितला. तो चकती हातात धरून थांबला. "म्हणजे आता तू गवत खाणार आणि मी मासे?" तो म्हणाला. त्याने तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि तसाच जेवला.

दुपारी ती मासळीबाजारात जाऊन आली. संध्याकाळी मासा वाफवायला ठेवला आणि भांड्यावर झाकण टाकताना तिच्या लक्षात आलं, की मघापासून आपण मान तिरकी करून उभ्या आहोत. पलीकडच्या खोलीतून काहीच येत नव्हतं.

तो कुशीवर गुडघे दुमडून पडला होता. पिशवी कोरडी होती. सपाट, कागदासारखी.

"जरा गच्च वाटतंय," तो म्हणाला. "फिरलो ना आज. होईल मोकळं."

"उठा."

"उद्या बघू."

"उठा म्हणतेय ना!"

सूमीही गाडीत बसली. घाटातून खाली येताना कळ यायची तेव्हा तो गाडीच्या दाराची मूठ धरायचा आणि वळणं मोजल्यासारखा बाहेर बघत राहायचा. दोन कळांच्या मधे थोडं बोलायचा. घाटाच्या पायथ्याशी आल्यावर तेही थांबलं.

दवाखान्यात नाकातून नळी घातली. ती भरभरून हिरवं पाणी बाहेर काढू लागली. पोटाचे एक्स-रे फोटो काढले. मग नर्सबाईंनी पोटावरच्या तोंडातून बारीक नळीने कोमट पाणी सोडून पाहिलं. बराच वेळ काही झालं नाही. मग एक चकती निघाली आणि स्टीलच्या तबकात पडली. नखाएवढी, पांढरी, सुरीने कापलेली कड अजून तशीच धारदार. कुनशान म्हणाला होता तसा तिच्यात एकही दोरा दिसत नव्हता.

तिच्यामागून दुसरी आली नाही.

"किती खाल्ले होते?" डॉक्टरांनी विचारलं. तरुण होते, डोळ्यांखाली काळं.

"दोन कोंब," सूमी म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. "दोन असतील तर सकाळपर्यंत थांबून पाणी सोडत राहता येईल. कदाचित सुटेल. उघडायचं मी शक्यतो टाळतोय. आत आधीच फार थोडं उरलंय."

सूमीने युएच्यावकडे पाहिलं. नजरेत सरळ विनवणी होती. कुनशान नळीमागून दोघींकडे बघत होता.

"तीन," युएच्याव म्हणाली. "तिसरा मी दिला. सबंध."

डॉक्टरांनी पुन्हा फोटोंकडे पाहिलं. पोटावर हात ठेवला, दाबला, कुनशानच्या तोंडाकडे बघितलं. मग ते भिंतीवरच्या फोनकडे गेले.

कुनशानने बोटाने तिला खाली वाकायची खूण केली. "तिसराच सगळ्यात कोवळा होता," तो कुजबुजला.

त्याला वाचवलं. अडकलेल्या जागेच्या मागचं आतडं फुगून काळं पडलं होतं, तेही काढावं लागलं. उरलं ते दोन हात लांबही नव्हतं. डॉक्टरांनी बाहेर येऊन कागदावर चित्र काढून दाखवलं. एवढ्याशा आतड्यातून अन्न अंगी लागायचं नाही. शाकाहार काय आणि मांसाहार काय, तोंडावाटे फक्त ओठ ओले करायला पाणी. बाकी सगळं शिरेतून. किती दिवस, या प्रश्नावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि "आत्ता ते नको विचारायला" म्हणाले.

पलंगाच्या वर दुधासारखी पांढरी पिशवी टांगली होती. सूमी तिच्याखाली उभी राहून वर बघत राहिली. शेवटी तिने नर्सबाईंना विचारलंच, "यात काय असतं हो?"

"यात? सोयाबीनचं तेल. आणि अंड्याचा बलक."

"म्हणून देवीने लागोपाठ हो म्हटलं," सूमी पुटपुटली. तिने युएच्यावच्या दंडाला धरलं आणि पकड सोडली नाही. थेंब नळीत पडत होता, थांबत होता, पुन्हा पडत होता.

जेवणाच्या वेळी वॉर्डात भांड्यांची गाडी आली, तसा कुनशान भिंतीकडे वळला. युएच्याव आपला डबा घेऊन बाहेर गेली. व्हरांड्याच्या टोकाला, वास आत जाणार नाही अशा जागी, भिंतीला पाठ लावून बसली. डब्यात भात होता, पालेभाजी होती, कांदा-लसूण नसलेली, तिला कधीच न आवडलेली. आतून काही आवाज येतो का म्हणून तिने मान तिरकी केली. मग आठवलं, आता ऐकण्यासारखं तिथे काही राहिलं नाही.

दार किलकिलं होतं.

"काय खातेस?" कुनशानने आतून विचारलं.

तिच्या तोंडात घास होता. तिने तो न चावताच गिळला.

"काही नाही," ती म्हणाली. "झोपा तुम्ही."