निर्मनुष्य

"दोरीवरचे हे कपडे कोणाचे, मावशी?" हातात उघडा नकाशा धरलेल्या तरुणाने विचारलं.

"वाऱ्यानं आणले असतील," ग्लाफिरा म्हणाली.

कोलिमाच्या बर्फाळ मुलखातल्या त्या वस्तीत आता दोनच घरं जागी होती. एक तिचं, दुसरं म्हाताऱ्या सावेलीचं. सोन्याची खाण चालायची तेव्हा ग्लाफिरा तिथल्या खानावळीत सूप वाढायची. त्या काळी नकाशे साहेबाच्या तिजोरीत असत, आणि नकाशाबद्दल विचारणाऱ्याचीच चौकशी होई. असा उघड्यावर नकाशा मिरवणारा माणूस तिला सरळ वाटेना.

"मी मोजणी खात्याचा. जुना नकाशा दुरुस्त करतोय. इथं कोण राहतं?"

"कोणी नाही. मी रानातली फळं वेचायला आलेय."

"आत काहीतरी करपतंय, मावशी."

"करपू दे."

 तो नकाशावर पेन्सिलीने काहीतरी लिहून निघून गेला.

सावेली लाकडांच्या ढिगामागून बाहेर आला. "बरं केलंस. मोजणी कसली डोंबलाची! आपल्याला उचलून शहरात कोंबायचा डाव आहे."

जानेवारीत बर्फ साचलं, पण रस्ता मोकळा करायला यंत्र आलं नाही. सावेलीची छाती घरघरू लागली, औषध संपलं. ग्लाफिरा चालत हमरस्त्यावर गेली आणि कोळशाच्या ट्रकमधून तालुक्याला पोचली.

कचेरीत तिने रस्त्याबद्दल विचारल्यावर तिथल्या बाईने नवा नकाशा पसरला. वस्तीच्या नावापुढे कंसात छापलं होतं : निर्मनुष्य.

"तिथं कोणी राहतच नाही, आजी. रस्ता कोणासाठी मोकळा करायचा?"

"मी राहते."

"मग मोजणीवाल्याला तसं सांगायचं ना."

ग्लाफिरा नकाशाकडे बघत राहिली. ओढे, खाणीच्या मातीचे ढीग, दफनभूमीचा क्रूससुद्धा जागच्या जागी होता. त्या पोराने साधाच प्रश्न विचारला होता.

"अर्ज देऊन जा," बाई म्हणाली. "बघू पुढच्या महिन्यात."

औषध घेऊन ती त्याच ट्रकने परतली. ड्रायव्हर तिला घरापर्यंत सोडणार होता, पण वस्तीच्या फाट्यावर त्याने गाडी थांबवली.

"रस्ता कुठाय, मावशी? सगळं सपाट पांढरं. गाडी ओढ्यात गेली म्हणजे?"

ग्लाफिराने औषध कोटाच्या आत, छातीशी खोचलं आणि ती खाली उतरली.

"माझ्या मागून या."

गुडघाभर बर्फात काठी टोचत, टणक लागेल तिथे पाऊल टाकत ती पुढे निघाली.  ड्रायव्हर गिअर टाकून, तिच्या चालीने, हळूहळू मागे येऊ लागला.